ॲडमिनराव

तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती गोळा करता का, असं ॲडमिनरावांना विचारलं तर त्यांना राग येत नाही, वाईट वाटतं. "अरे, मी काय फेसबुक आहे का?" असं म्हणून ते लगेच लॅपटॉप उघडतात आणि आपण काहीच गोळा करत नाही हे सिद्ध करण्यासाठी गोळा केलेलं सगळं दाखवायला लागतात.

त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ साली आला तेव्हा ते डोंबिवलीत कॉलेजात होते. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मित्रांची गावं जाळायची, हा त्या काळातला अभ्यासक्रम. पुढे मित्रांनी गावं जाळणं सोडलं, नोकऱ्या धरल्या. कॅफेच्या जागी मोमोचं दुकान आलं. ॲडमिनरावही नोकरीला लागले, संसाराला लागले, पण खेळातून बाहेर काही आले नाहीत. त्यांनी त्या खेळाची फॅनसाइट काढली. कुठल्या राज्याचा भालाईत किती अन्नात आणि किती लाकडात तयार होतो, कितव्या मिनिटाला पुढच्या युगात जावं, तटबंदी लाकडाची बरी की दगडाची, हे सगळं तिथे आहे. २०२२ साली खेळात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले आणि मराठे आले नाहीत, तेव्हा त्यांनी कंपनीला धाडलेलं खरमरीत पत्रही तिथे आहे. उत्तर आलं नाही, याचीही तारीखवार नोंद आहे.

आता अशा ठिकाणी कुणी डोकावलं की सर्व्हर आपोआप एक ओळ लिहितो : पाहुण्याचा आयपी पत्ता, वेळ, काय उघडलं, कुठून आला, ब्राउझर कोणता. यात ॲडमिनरावांचा काही दोष नाही. जवळपास प्रत्येक सर्व्हर हेच करतो. शहाणी माणसं त्या ओळी काही आठवड्यांनी पुसून टाकतात. ॲडमिनराव त्या वाचतात. रात्री जेवण झाल्यावर, बडीशेप चघळत.

"हा बघ, आइसलँड!" ते मला दाखवतात. "महिन्यातून एकदा येतो. तटबंदीचं तेवढं वाचतो आणि जातो. एकटा राहत असेल का रे बिचारा?"

या माणसाच्या मनात पाप नाही, हे पहिल्याप्रथम सांगून टाकायला हवं. त्यांनी कुणाचा ईमेल कुणाला विकलेला नाही. एकदा एका कंपनीने विकत मागितले, तेव्हा त्यांनी त्या कंपनीला असं काही सुनावलं की कंपनीने माफी मागितली आणि ॲडमिनरावांनी ती माफी, पाठवणाऱ्याच्या फोन नंबरासकट, फोल्डरात घातली. त्यांचं दुखणं वेगळंच आहे. त्या खेळात सुरुवातीला सगळा नकाशा काळा असतो; टेहळणीचा घोडेस्वार जिथे फिरेल तिथला अंधार तेवढा हटतो. ॲडमिनरावांना माणसांच्या बाबतीतही तेवढंच हवं असतं. चढाई करायची नाही, लूट करायची नाही, फक्त नकाशाचा एकही कोपरा काळा राहता कामा नये.

२०२३च्या जुलैत गूगलने आपलं जुनं ॲनालिटिक्स बंद केलं आणि पुढच्या वर्षी त्यातले जुने आकडे पुसायला घेतले. ॲडमिनरावांनी रजा टाकून सगळे आलेख उतरवून घेतले. ऑफिसला कारण दिलं : जवळच्या नातेवाइकाचं निधन. चेहरा पाहून कुणी शंका घेतली नाही.

नाव नोंदवताना त्यांच्याकडे जो अर्ज भरावा लागतो, तो पाहिला की सहकारी बँकेत कर्ज मागायला आल्यासारखं वाटतं. नाव, टोपणनाव, ईमेल, जन्मतारीख, गाव, शाळा किंवा कॉलेज, आवडतं राज्य, आणि 'हा खेळ तुम्हाला पहिल्यांदा कोणी दाखवला?' हे सगळं कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "असू दे रे, लागेल कधीतरी." हे वाक्य त्यांना आईकडून आलंय. माउलीने श्रीखंडाचा एकही डबा आजवर टाकलेला नाही. माळ्यावर पाणी तापवायच्या बंबाशेजारी त्यांची रास आहे, आणि 'असू दे, लागेल' म्हणतानाचा सूरही हुबेहूब तोच. फरक इतकाच की रिकाम्या डब्यांची चोरी झाली तर डब्याचं श्रीखंड ज्याने खाल्लं त्याला काही होत नाही. २०११च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये चोर शिरले, तेव्हा ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघड्यावर आली होती. ॲडमिनरावांचं म्हणणं, सोनीची गोष्ट वेगळी, सोनीकडे पेन ड्राइव्ह नव्हता. यांच्याकडे आहे. सगळा बॅकअप त्यात, आणि तो देवघराच्या खालच्या खणात, कापराच्या डबीजवळ.

जन्मतारखेची गंमत तर विचारू नका. यादी खाली सरकवायचा कंटाळा येतो, म्हणून जगातला निम्मा गेमर १ जानेवारीला जन्मतो, आणि त्यातले काही चक्क १९०० साली. दुसऱ्या एखाद्याला संशय आला असता. पण ॲडमिनरावांच्या वडिलांच्या पिढीत मास्तरच पोरांना १ जून चिकटवून मोकळे होत. घरात दोन काका आणि एक आत्या एकाच तारखेची असताना १ जानेवारीचं काय नवल? दर वर्षी ते या सगळ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात. एकाच दिवशी एकाच मजकुराची इतकी पत्रं सुटल्यावर मेल सेवा त्यांना स्पॅमवाला समजून कोंडून ठेवते. संक्रांतीपर्यंत सुटका होते.

स्वतःच्या माहितीबद्दल मात्र हाच गृहस्थ कमालीचा सोवळा. दुकानात बिल करताना मुलीने "सर, मोबाइल नंबर?" म्हटलं की मागच्या रांगेने दुसरा काउंटर शोधावा. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३च्या मे महिन्यात दुकानदारांना कळवलं होतं की नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही, असं गिऱ्हाइकाला म्हणता येणार नाही. ती बातमी त्यांच्या मोबाइलमध्ये पहिल्या पानावर असते. ती ते मोठ्याने वाचून दाखवतात. वहिनी तोवर आपला नंबर सांगून, पॉइंट जमा करून, पिशवी घेऊन बाहेर गेलेल्या असतात.

"अहो, शंभर पॉइंट झाले," त्या जिन्यातून ओरडतात. "तुमच्याकडे नोंदवून कुणाला काय मिळालं आजवर?"

याला उत्तर नाही. शुभेच्छा मिळतात, पण त्या स्पॅममध्ये.

गोपनीयतेचं धोरण त्यांच्याकडे आहे, आणि ते फार देखणं आहे. एका अमेरिकन कंपनीचं उचललंय. त्यात कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांच्या हक्कांवर एक सबंध प्रकरण आहे, आमच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्याशी संपर्क साधा अशी प्रेमळ सूचना आहे, आणि तीन ठिकाणी कंसात 'येथे कंपनीचे नाव लिहा' असं तसंच राहिलंय. वर्षानुवर्षं कुणी हटकलं नाही. हटकणार कोण? गेमस्टेशन नावाच्या ब्रिटिश गेमविक्रेत्याने २०१०च्या १ एप्रिलला आपल्या अटींमध्ये गिऱ्हाइकाचा अमर आत्मा कंपनीच्या मालकीचा होईल असं कलम घुसवलं होतं. नको असेल त्याने खूण करायची, आणि वर पाच पौंडांचं कूपन घ्यायचं. बहुतेकांनी आत्मा देऊन टाकला, सुमारे साडेसात हजार जणांनी. ॲडमिनराव हा किस्सा खदखदून हसत सांगतात. आपल्या धोरणात नेमकं काय आहे, हे त्यांनीही वाचलेलं नाही.

"पण मी बाहेर काहीच देत नाही," हा त्यांचा शेवटचा मोर्चा. तो ते प्रामाणिकपणे लढवतात, म्हणून वाईट वाटतं. अक्षर सुबक दिसावं म्हणून गूगलचा फॉन्ट घेतलाय, तिथे पाहुण्याचा पत्ता जातो. मध्ये यूट्यूबचे व्हिडिओ टाकलेत, तिथेही जातो. होस्टिंगचा खर्च निघावा म्हणून जाहिरातीची पट्टी आहे. ती पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवते आणि नंतर त्याला दुसरीकडे ओळख दाखवते. म्युनिकच्या कोर्टाने २०२२च्या जानेवारीत नुसत्या फॉन्टपायी एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. ॲडमिनरावांना हे सांगितलं तर म्हणाले, "काय सांगतोस! अरे, फुकट आहे तो फॉन्ट!"

त्याच जर्मनीतून त्यांना एक दिवस पत्र आलं. युरोपात २०१८च्या मेपासून लागू झालेल्या कायद्याच्या पंधराव्या कलमाचा आधार देऊन एका सदस्याने विचारलं होतं : माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे, ते एका महिन्यात कळवावं. दुसरा कोणी घाबरला असता. ॲडमिनरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा संग्रह बघायला मागत होतं. त्यांनी रात्र जागवून फाइल बांधली. तो कधी आला, कधी गेला, कुठल्या रात्री सलग तीन तास वेढ्याची यंत्रं वाचत बसला होता. आणि शेवटी स्वहस्ते शेरा : 'मागल्या फेब्रुवारीत तुमचं येणं कमी झालं होतं. तब्येत बरी आहे ना?'

जर्मन माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सतरावं कलम. सगळं पुसा.

त्यांनी पुसलं. खरंच पुसलं, डोळ्यांत पाणी आणून. आणि हे पुसलंय हे पुढे विसरायला नको, म्हणून 'विसरून जा म्हणणारे' नावाची एक एक्सेल फाइल उघडून तिच्यात त्याचं नाव, ईमेल आणि देश लिहून ठेवला.

मग आपल्याकडेही कायदा आला. २०२३च्या ऑगस्टमध्ये संमत झाला, त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात निघाले, आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. वहिनींचा भाऊ वकील. तो दिवाळीच्या फराळाला आला तो सगळं काढूनच बसला. संमती कशी हवी? मोकळी, नेमकी, समजून-उमजून दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध. ॲडमिनरावांच्या कुकीच्या पट्टीवर एकच बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं 'वोलोलो'. पहिल्या भागातला पुजारी हात वर करून हेच म्हणतो आणि समोरचा शत्रू न विचारता आपल्या रंगाचा होतो. जाणकार सदस्य त्या बटणावर जाम खूश होते. मेहुण्याला ते समजावून सांगायला अर्धा तास गेला आणि समजल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"भावोजी, माहिती नीट सांभाळली नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे."

"माझ्यासारख्याला अडीचशे कोटी?" ॲडमिनरावांचा चेहरा उजळला. इतकी किंमत त्यांची ऑफिसात कधी झाली नव्हती. पण स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्याला कायद्यातून सूट आहे असं कळताच त्यांनी तेही धरून ठेवलं : "हे घरगुतीच आहे. पेन ड्राइव्ह देवघरात आहे." मेहुणा म्हणाला, जाहिरात लावून सगळ्या जगाला आत घेतल्यावर कसलं घरगुती? आणि चकलीचा तुकडा मोडत त्याने खरी अडचण सांगितली. अठरा वर्षांखालचे सगळे कायद्याने मूल. त्यांची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी.

इथे ॲडमिनराव गप्प झाले, कारण त्यांच्याकडे येणारी निम्मी पोरं दहावी-बारावीची. येतात तीच मुळी आईवडिलांना चुकवून. 'बाबा, मी अभ्यासाच्या नावाखाली किल्ले पाडायला शिकतोय, याला आपली संमती असावी' असं कुठलं पोर विचारणार? त्यावर तोडगा सोपा होता : कमी विचारावं. जन्मतारीख, शाळा, गाव सगळं काढून टाकावं. टोपणनावावर काम भागतं. मेहुण्याने तसं सुचवलंही. ॲडमिनरावांनी अर्जात दोन रकाने वाढवले. पालकांचं पूर्ण नाव. पालकांचा मोबाइल.

बहुतेक पोरांनी एकमेकांचेच नंबर घातले. एकाने मात्र सरळपणे वडिलांचा खरा नंबर लिहिला, आणि पडताळणीचा संदेश मिळाल्यावर त्या वडिलांचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. आवाज चढलेला होता. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री चिरंजीव तुमच्याकडे होते की नाही, तेवढं एक सांगा.

ॲडमिनराव ताठ बसले. इतक्या वर्षांत त्यांना इतक्या तोलामोलाने बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"माफ करा साहेब," ते म्हणाले, "आमच्याकडे येणाऱ्याची माहिती आम्ही कुणालाही देत नाही. अगदी वडिलांनासुद्धा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. ॲडमिनरावांचा चेहरा मवाळ होत गेला. बापाचं काळीज त्यांनाही कळतं.

"छे छे, तुम्ही म्हणता तशी अख्खी रात्र वगैरे नाही हो," ते धीर देत म्हणाले. "पावणेदोनलाच गेला तो."