फ्रॉम ड्युअल

आयटी कंपनीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. अपवाद फक्त डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए काकांचा. तोंडावर 'सर', पाठीमागे 'काका'. पन्नाशी उलटलेली, खिशाला पेन, आणि मॉनिटरला चिकटवलेला पिवळा पडलेला कागद: 'विचारल्याशिवाय रीस्टार्ट करू नये'.

आमचे काका नव्वदच्या दशकात क्लास लावून ओरॅकल शिकले. लॉगिन स्कॉट, पासवर्ड टायगर. हा टायगर म्हणजे ओरॅकलच्या सुरुवातीच्या काळातल्या ब्रूस स्कॉट यांच्या मुलीचं मांजर, हे प्रत्येक नव्या पोराला ऐकावंच लागतं. सरावाच्या टेबलात 14 कर्मचारी होते. काकांना ते आजही पगारासकट पाठ आहेत. "किंगच्या मॅनेजरचा रकाना रिकामा. सुखी माणूस!" आमच्या टीममधल्या निम्म्यांची नावं मात्र त्यांना अजून येत नाहीत.

अशा माणसासमोर मॅनेजरने स्लाइड लावली: ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर जायचं. ओरॅकलचं लायसन्स प्रोसेसरचे कोअर मोजून, पोस्टग्रेस फुकट.

"त्याचं चिन्ह पाहिलंत? हत्ती," काका म्हणाले. "हत्ती फुकट मिळतो हो, चारा नाही मिळत."

मग महिनाभर काका नव्या पाहुण्याच्या खोड्या काढत बसले. ओळ बदलली की हा जुनी ओळ तिथेच टाकतो, आणि मागून व्हॅक्यूम करत हिंडा! "जेवून उठायचं आणि ताट तिथेच. हे काय वळण?" ओरॅकल टेबलांची नावं कॅपिटलमध्ये ठेवतं, पोस्टग्रेस स्मॉलमध्ये. आपली टेबलं स्मॉलमध्ये उतरलेली पाहून काकांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी 'अहो'वरून 'अरे'वर आलं.

रंगीत तालमीच्या दिवशी पोरांनी आकडे जुळवले. जितक्या ओळी तिकडे, तितक्याच इकडे. टाळ्या झाल्या. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, दोन पानं खाली सरकवली आणि शांतपणे विचारलं, "काय रे, आपली सगळी गिऱ्हाइकं रात्री बारालाच खरेदी करतात का?"

ओरॅकलच्या 'डेट'मध्ये वेळही असते. पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये नुसती तारीख. नाव तेच म्हणून पोरांनी तीच जोडी लावली, आणि वर्षानुवर्षांच्या वेळा गळून पडल्या.

मग रिकाम्या जागांचं निघालं. ओरॅकलला रिकामा मजकूर आणि 'नल' एकच. काकांनी समजावून सांगितलं, "लग्नात रिकामं पाकीट दिलं काय, नि पाकीटच दिलं नाही काय, ओरॅकल दोन्ही एकाच खात्यात मांडतं. हा हत्ती मात्र म्हणतो, पाकीट आलं होतं बरं का!" आमचे सगळे रिपोर्ट 'नल'च हुडकत होते. नव्या अ‍ॅपने दिलेलं प्रत्येक रिकामं पाकीट त्यांच्या हातून निसटलं असतं. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. मला तरी त्या दिवशी कळलं, की काका हेच खरं डॉक्युमेंटेशन होतं, फक्त त्याला चहा लागायचा.

शनिवारी रात्री कटओव्हर. वडापाव गार झाले, पहाटे चारला शेवटचं टेबल चढलं. जुना सर्व्हर बंद करायची कमांड काकांनी दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाही.

ओरॅकलला साधी आजची तारीख विचारायची, तरी वर्षानुवर्षं शेवटी 'फ्रॉम ड्युअल' लिहावं लागायचं. ड्युअल म्हणजे एक टेबल: एक रकाना, एक ओळ, त्यात एक 'एक्स'. पोस्टग्रेसला याची गरज नाही. पण पत्राच्या माथ्यावर 'श्री' यावा, तसं काकांच्या बोटांतून ते येतंच.

सोमवारी नव्या डेटाबेसमध्ये एक टेबल जास्तीचं निघालं. एक रकाना, एक ओळ, एक 'एक्स'.

"सर, हे काय?" मॅनेजरने विचारलं.

"असू दे," काका स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "जागा कितीशी लागते त्याला!"