लागलंच तर

आमचे दाजी 2020च्या दिवाळीपासून लॅपटॉप घेत आहेत. अजून घेऊन झालेला नाही.

दाजी सहकारी बँकेतून निवृत्त झाले. राहायला साताऱ्यात. सोसायटीचा जमाखर्च सांभाळतात, आणि लॅपटॉपसाठी त्यांनी एक लांबोडकी आखीव वही घातली आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. जमेकडे प्रोसेसरचा वेग, नावेकडे तो खात असलेले वॅट. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद जुळवलेल्या माणसाला हा एक ताळेबंद काही जुळवता आलेला नाही.

त्यांच्यासमोर कुणी नुसतं "आय-सेव्हन घेतला" असं म्हणायची सोय नाही. "पाव्हणं, सेव्हन सोडा. शेवटचं अक्षर काय?" यू असेल तर चेहरा निवळतो, एच असेल तर भुवई वर जाते, एचएक्स म्हटलं की ताईला हाक मारून चहा टाकायला सांगतात, कारण आता बैठक लांबणार असते. "यू म्हणजे पंधरा वॅट, एच म्हणजे पंचेचाळीस. पण हा झाला मूळ आकडा. तेराव्या पिढीतला यूसुद्धा टर्बोत पंचावन्नपर्यंत उडी मारतो आणि एच एकशे पंधरापर्यंत. मग पंधरा लिहून ठेवलं ते कुणाला फसवायला?" असं विचारताना ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, की तो आकडा मीच छापून आणला असावा.

एएमडीचं वेगळं प्रकरण. तिथे अक्षर पुरत नाही, तिसरा अंक बघावा लागतो. 7520यू. दाजी पेन्सिलीचं टोक तिसऱ्या अंकावर ठेवतात. "दोन. म्हणजे झेन टू. सुरुवातीचा सात आहे 2023चा आणि आतली रचना आहे 2019ची. आणि शेजारचाच 7540यू बघा, तो झेन फोर. दुकानात दोघेही रायझन फाइव्हच." खरं सांगायचं तर यात दाजींचं काही चुकत नाही. त्यांचं ज्ञान पक्कं आहे, हीच तर अडचण आहे. अर्धवट माहिती असलेला माणूस रविवारी दुकानात जातो आणि संध्याकाळी खोका घेऊन घरी येतो. इंटेलनं 2023च्या शेवटी नावातला 'आय' काढून 'अल्ट्रा' घातलं, तेव्हा दाजींच्या वहीची कितीतरी पानं एका रात्रीत बाद झाली. बँकांच्या विलीनीकरणाचंही त्यांना एवढं दुःख झालं नव्हतं.

तोंडी हिशेबात मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. बॅटरी पन्नास वॅट-तासांची. पत्र लिहिताना, पडदा धरून, लॅपटॉप सरासरी सहा वॅट खातो. म्हणजे आठ तास निघाले. तोच पंचेचाळीस वॅटनं पळवला तर तासाभरात आटोपला. "आणि वेग काही त्या प्रमाणात वाढत नाही बरं का. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं जाते. शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग." मोठ्या लॅपटॉपची बॅटरी नेमकी नव्याण्णव वॅट-तासांवर का थांबते, हेही त्यांना ठाऊक आहे: शंभराच्या वर गेलं तर विमानात न्यायला कंपनीची परवानगी लागते. दाजी आजवर विमानात बसलेले नाहीत. पण लागलंच तर?

हे 'लागलंच तर' दाजींच्या घरात सगळीकडे आहे. माळ्यावर रिकामे डबे आहेत, खिळे-स्क्रूच्या बरण्या आहेत, नसलेल्या कुलपांच्या किल्ल्या आहेत. प्रोसेसरही त्याच न्यायानं निवडायचा. 2020 साली ॲपलचा एम-वन आला. पंखा नाही, दिवसभर चालतो. दाजी तीन दिवस हरखून गेले होते. मग लक्षात आलं, त्यावर टॅली चालत नाही. 2024 साली स्नॅपड्रॅगन एक्स आला, विंडोजवर तशीच बॅटरी. पण पावत्यांच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यावर चालेल का? त्याच वर्षी इंटेलचा लूनार लेक आला. वॅट कमी, टॅली आहे, प्रिंटर आहे. आता नाही म्हणायला काही उरलं नाही, असं आम्हाला वाटलं. पण त्याची रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली, नंतर वाढवता येत नाही. "बत्तीस जीबीचा घ्या ना मग," मी म्हणालो. "आणि चौसष्ट लागलंच तर?"

चौसष्ट कशाला लागेल, याचं उत्तर तयार होतं. नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ एडिट करायचा झाला तर. नातू अजून पाळण्यात आहे.

बॅटरीचंही तेच. अठरा तासांच्या खाली दाजी बोलायला तयार नाहीत, का तर वीज जाते. वीज जाते हे खरं, पण घरात इन्व्हर्टर आहे, प्रत्येक खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड आहे, आणि दाजी स्वतः जेवण आणि अंघोळ सोडली तर बोर्डापासून हातभर लांब कधी बसलेले मी पाहिलेले नाहीत.

भाच्यानं इंजिनिअरिंगला जाताना सल्ला विचारला होता. दाजींनी त्याला वही दाखवायला सुरुवात केली. तो हो-हो म्हणत उठला आणि गेम खेळायला एचवाला घेऊन आला. आता तो कॉलेजच्या लायब्ररीत कुठे बसतो याची दाजी दर सुट्टीला चौकशी करतात. भिंतीच्या कडेला, प्लगजवळ, असं कळलं की त्यांना जेवण गोड लागतं.

परवा ताईनंच त्यांना पोवई नाक्याजवळच्या दुकानात नेलं. सोबत मीही होतो. दाजींनी आधी मांडलेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या कीबोर्डला कान लावून पंखा ऐकला. शेजारचं गिऱ्हाईक जरा सरकून उभं राहिलं. मग वही उघडली. दुकानातल्या पोरानं ती पानं पाहिली, आवंढा गिळला आणि त्याला शिकवलेला प्रश्न विचारला, "काका, वापर कशासाठी आहे?"

दाजींनी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "कुठला लॅपटॉप चांगला, त्याचे व्हिडिओ बघायला. दिवसभर तेच बघतात. मोबाइलवर डोळे दुखतात म्हणून."

पोराच्या जिवात जीव आला. "मग काय, कुठलाही चालेल की!"

"कुठलाही कसा?" दाजी म्हणाले. "हिचं म्हणणं बरोबर आहे. पण व्हिडिओच बघायचे तर एव्ही-वनचा डीकोडर हार्डवेअरमध्येच हवा, नाहीतर सगळा भार कोअरवर येतो आणि बॅटरी उतरते. हा मुद्दा माझ्या वहीत राहूनच गेला." त्यांनी स्टूल पुढे ओढलं, चष्मा पुसला आणि नव्या पानावर रकाने आखायला पोराकडे पट्टी मागितली.