धारचा गरीब, देवासचा गरीब

बँक नफा कमावते ती मुख्यतः दोन वाटांनी: ठेवीवर द्यायचे आणि कर्जावर घ्यायचे व्याज यांतल्या फरकातून, आणि सेवाशुल्कातून. विकसनशील देशात पहिली वाट बड्या बुडव्यांमुळे अधूनमधून खचते; २०१७-१८ मध्ये आपल्या सरकारी बँकांना ८५ हजार कोटींहून अधिक तोटा झाला. दुसरी वाट बारमाही चालू असते. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड हे तिचे सर्वांत निर्मळ रूप. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्याकडूनच ते घ्यायचे.

पैसे नसणे म्हणजे किती नसणे, हे बहुतेक ठिकाणी गावाच्या लोकसंख्येवरून ठरते. लाखाच्या आत निमशहर, लाखावर शहर. २०११ च्या जनगणनेत माळव्यातले धार भरले ९३,९१७ आणि देवास २,८९,५५०. त्यामुळे ज्या शिलकीवर धारचा माणूस अब्रूदार खातेदार असतो, तेवढ्याच शिलकीवर तो देवासात दंडाला पात्र होऊ शकतो. मध्ये फक्त इंदूर लागते. आणखी ६,०८३ माणसे भरली असती, तर धारचे गरीबही शहरी दराने गरीब झाले असते. पुढची जनगणना रखडली, हे त्यांचे नशीब. सीमेचा हा खेळ इथे जुनाच: संस्थानी काळात एकाच देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये होती. रस्ता ओलांडला की राजा बदले, पण खिसा तोच राही.

हिशेब बहुधा मासिक सरासरीचा. माळव्यातला शेतकरी सोयाबीन विकतो दिवाळीच्या आगेमागे. जूनमध्ये बियाणे-खतात खाते रिकामे होते आणि नेमका तेव्हाच दंड लागतो. दंडावर १८ टक्के जीएसटी. दंड कापल्याचा एसएमएस येतो, आणि काही बँकांत एसएमएसचेही शुल्क कापले जाते. दंडापायी खाते उणे होता कामा नये, असा नियम २०१५ पासून आहे. म्हणजे खिसा पुरता उलटा करून झाला की हात आवरायचा! २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या मार्गाने सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केल्याचे संसदेत सांगण्यात आले. एकट्या २०२३-२४ मध्ये त्यांचा नफा १ लाख ४० हजार कोटींच्या वर होता आणि त्यात हा दंड दोन टक्केही नव्हता. एवढ्या चिल्लरीसाठी बियाण्याच्या पैशाला हात घालायला लाज कशी वाटली नाही?

२०२५ मध्ये बऱ्याच सरकारी बँकांनी हा दंड बंद केला. खासगी बँकांत तो चालू आहे. मूलभूत बचत खात्याला किमान शिलकीची अट नसते. ज्याला दंड लागतो, त्याने शाखेत लेखी अर्ज देऊन आपले खाते तसे करून घ्यावे आणि अर्जाची पोच मागावी.