बारशाचे फोटो हलले कसे?

"ताई, जरा इकडे या बघू," म्हणत वहिनींनी कुंपणावरून मोबाइल पुढे केला. नातवाच्या बारशाचे फोटो. पाळणा स्वच्छ, झेंडूच्या माळा स्वच्छ, मागच्या भिंतीवरचं घड्याळ तर इतकं लख्ख की पावणेआठ वाजलेले वाचता येतात. धुरकट कोण, तर कानात कुर्रर्र करणारी आत्या आणि तिच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या बायका. ज्यासाठी सगळा घाट घातला, नेमकं तेवढंच गेलेलं.

"एवढा महागाचा कॅमेरा घेतलाय मुलानं, सोनीचा ए६४००. आणि फोटो हे असे! हे म्हणाले, हात हलला असेल त्याचा."

हात हलला असता तर घड्याळही हललं असतं. पण भाऊजींना ते सांगणार कोण? मी विचारलं, "लेन्स कुठली होती?"

"खोक्यात आली तीच की. आणखी कुठली?"

तरीच. फोटो बोटाने वर सरकवला, तर खाली सगळी कुंडली आली. शटर १/६०, अॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ६४००. खोक्यातली ही १६-५० मिलिमीटरची किट लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ असते, पण झूम करत ५० पर्यंत नेली की ५.६ वर येऊन बसते. म्हणजे जवळचा चेहरा घ्यायला जावं आणि तिथेच तिने हात आखडता घ्यावा. एका ट्यूबलाइटच्या खोलीत मग शटर १/६० च्या पुढे जाईना. पाळण्याला आणि घड्याळाला तेवढं चालतं, धपाटा घालणाऱ्या हाताला नाही चालत. त्याला १/२५० तरी हवं.

"मग फास्ट लेन्स का काय म्हणतात ती?"

"तीच. झूम कितीही फिरवा, एफ/२.८ जागचं हलत नाही अशी." ५.६ वरून २.८ वर आलं की प्रकाश चौपट. तोच आयएसओ, तीच ट्यूबलाइट आणि शटर १/६० वरून थेट १/२५०. हा एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. ५० ला ५.६ ने भागा, आतलं भोक नऊ मिलिमीटरचं निघतं. २.८ ने भागा, जवळजवळ अठराचं. भोक मोठं म्हणून काच मोठी, काच मोठी म्हणून किंमत मोठी. दुकानदार फार गूढ चेहरा करून सांगतात, पण एवढंच आहे ते.

वहिनींनी आवाज खाली आणला. "जाऊबाईंच्या जावयानं २४-७० घ्यायला सांगितलंय. म्हणाला, लग्नाचे सगळे फोटोग्राफर तीच वापरतात."

जावई चुकीचं बोलला नाही, अर्धवट बोलला. लग्नातले फोटोग्राफर ती वापरतात ते फुल फ्रेम कॅमेऱ्यावर. ए६४०० चा सेन्सर लहान, त्यावर २४ चं दिसणं साधारण ३६ सारखं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे, पण आपल्या घरात? भिंतीला पाठ लावून दहा फुटांवरून फोटो काढलात तर २४ वर जेमतेम पावणेदहा फूट रुंदी मावते. १७ वर पावणेचौदा. हा चार फुटांचा फरक म्हणजे ओटी भरणाऱ्या दोन बायका आत की बाहेर! शिवाय मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली काच, तिचं वजन आणि पैसे फुकट वाहायचे. सिग्माची २४-७० आर्ट, २०१९ ची, ८३० ग्रॅम भरते. या कॅमेऱ्यावर लावली तर कॅमेरा लेन्सला लटकलाय असं वाटतं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या काकांनी तर याहून कमाल केली होती. १८-२०० घेऊन आले. "एका लेन्समध्ये सगळं!" नाव मोठं, लक्षण खोटं. बाहेर उन्हात झकास, पण घरात दिवे लावले की तीही किट लेन्ससारखीच हात टेकते. काका अजून म्हणतात, हल्ली बल्बच चांगले मिळत नाहीत.

या कॅमेऱ्यासाठी खरी निवड तीन-चार लेन्समध्येच आहे. सिग्माची १८-५० एफ/२.८, २०२१ साली आली. तीनशे ग्रॅमच्या आत, मुठीत मावते. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ त्याच वर्षीची, ५२५ ग्रॅम, पण तिच्यात हात स्थिर धरणारी यंत्रणा आहे आणि पुढे ७० पर्यंत पोच. सोनीची स्वतःची १६-५५ सुरेख आहे, पण किंमत सिग्माच्या दुपटीहून वर. ती ज्याला परवडते त्याने कुंपणावर सल्ला विचारू नये. आणि २०२५ मध्ये सिग्माने १७-४० एफ/१.८ आणली. २.८ च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश. तिची थोरली बहीण १८-३५ एफ/१.८ ही २०१३ ची, ८१० ग्रॅमची होती. ही अर्ध्या किलोच्या किंचित वर.

"मग तीच घ्यायची ना, १.८ ची! जास्त प्रकाश तो जास्त."

इथेच माणसं फसतात. एफ/१.८ उघडं ठेवून जवळून पणजी, आजी आणि बाळ घ्या. बाळाच्या पापण्या मोजता येतील, पणजी मात्र धुक्यात. घरात वडीलधाऱ्यांना धूसर केलेलं चालतं का? तीन पिढ्या एका फोटोत हव्यात तर शेवटी एफ/४ वर यावंच लागतं. १.८ एकट्या चेहऱ्यासाठी. शिवाय ४० वर झूम संपतो, पुढे पायांनी चालायचं, आणि समारंभात पाय ठेवायला जागा कुठे असते?

हात स्थिर धरणाऱ्या यंत्रणेबद्दलही मी वहिनींना बजावलं. ए६४०० च्या अंगात ती नाही, म्हणून लेन्समध्ये असली तर बरं, विशेषतः व्हिडिओ काढायचा असेल तर. पण ती आपला हात सावरते, समोरच्याचा नाही. देव्हारा, रांगोळी, फराळाचं ताट यांना उपयोग. धावणाऱ्या पोराला शटरच लागतं.

"फ्लॅश मारला तर एवढा खर्च वाचेल, असं ह्यांचं म्हणणं."

भाऊजींचा हा मुद्दा मात्र बिनतोड. फ्लॅश छताकडे वळवला आणि छत पांढरं असलं तर प्रकाश मऊ पसरतो, आणि साधा फ्लॅश लेन्सच्या मानाने स्वस्तात येतो. फक्त वहिनींच्या हॉलच्या भिंती पोपटी आहेत. छतावरून आणि भिंतीवरून उडालेला प्रकाश तोच रंग घेऊन येतो, मग आई आणि बाळ दोघंही पोपटी. नाट्यगृहात तर फ्लॅश लावू देत नाहीत, आणि तान्ह्या बाळापुढे पणजी लावू देत नाही.

आता एक चहाटळ गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर १/२५० वर नेलं की एक फोटो उजळ, दुसरा अंधारा, तिसऱ्यावर आडवे पट्टे. लेन्स बदलायला दुकानात धावू नका. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करायचं. सायलेंट शटर बंद. तरीही पट्टे आले तर १/१०० वर उतरायचं आणि सगळ्यांना क्षणभर थांबा म्हणायचं.

वहिनींच्या मनात जुनी लेन्स घ्यायचं होतं. घ्या की. पण आपल्याकडचा पावसाळा काचेला सोडत नाही. मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून पुढून डोळा लावायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी, लेन्स तिथेच परत ठेवायची, कितीही स्वस्त देत असले तरी. झूमची रिंग फिरवताना मध्येच अडकते का तेही बघायचं. आणि माउंट विचारायचा, सोनी ई. भावाच्या मित्राच्या कॅननची लेन्स अशीच बसत नाही.

"आणि धाकटीच्या नाचाचं अरंगेत्रम आहे फेब्रुवारीत. तिथे?"

तिथे यातलं काहीच पुरत नाही. आठव्या रांगेतून मुद्रा टिपायची तर ७०-२०० एफ/२.८ लागते. तिचं भोकच ७१ मिलिमीटरचं निघतं, गणित करून बघा. तेवढ्या एका संध्याकाळसाठी ती विकत घेणं म्हणजे पैसे जाळणं. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत ठेवून. आदल्या दिवशी आणायची, रंगीत तालमीला वापरून बघायची.

घरच्या समारंभांसाठी माझं मत विचाराल तर वहिनींच्या मुलाने सिग्माची १८-५० घ्यावी. व्हिडिओही तोच काढणार असेल, तर टॅमरॉनची १७-७०. दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा न्यावा, आणि काउंटरवरच्या झगमगाटात नाही, तर दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, एफ/२.८ वर, चालत्या माणसाचे फोटो काढून बघावेत. ते हलले नाहीत तरच पाकीट उघडावं.