त्याला जागा हललेली चालत नाही

आमच्या सोसायटीतले अण्णा तुम्हाला माहीत आहेत. तुमच्याकडे त्यांना अप्पा म्हणत असतील आणि हॉलमध्ये मनीप्लांट असेल, एवढाच फरक. आमच्या अण्णांकडे फायकस बेंजामिना आहे. तीन खोडांची वेणी घातलेला, छताला टेकलेला.

एकदा त्यांच्याकडे बसलो असताना मी खुर्ची वीतभर मागे सरकवली. अण्णा ओरडले, "अहो, कुंडी! त्याला जागा हललेली चालत नाही!"

हे खरं आहे. बेंजामिना मुळातच रुसका. उजेड बदलला, एसीचा झोत लागला, की हिरवी पानंसुद्धा पटापट टाकून देतो. पण या एवढ्याशा वनस्पतिशास्त्रावर अण्णांनी अख्खा संसार रचला. घराला रंग नाही, कारण त्याला जागा हललेली चालत नाही. टीव्ही बेडरूममध्ये, कारण तेच. सत्यनारायणाला चौरंग हॉलमध्ये मावला, गुरुजी मावले नाहीत. त्यांनी पाचही अध्याय पॅसेजमधून वाचले.

पाणी घालणं हा तर सोहळाच. आधी दोन पेरं बोट मातीत. कोरडं लागलं तरच पाणी, आणि बशीत उतरलेलं लगेच स्पंजने टिपायचं, नाहीतर मुळं कुजतात. मग ओल्या फडक्याने एकेक पान पुसणं. हे उरकेपर्यंत पाहुण्यांना चहा नाही.

आणि हेच अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून दर पावसाळ्यानंतर ड्रेनेज पाइपाच्या सांध्यातून फुटलेला पिंपळ उपटायला माणूस लावत. मी म्हटलं, "अण्णा, तोही फायकसच. वड, उंबर, अंजीर, सगळी एकाच घरातली."

"असेल," अण्णा म्हणाले, "पण तो फुकट आलाय."

मुलगा न्यू जर्सीला. "सहा महिने तरी या," म्हणून दर रविवारी फोन. अण्णांचं उत्तर एव्हाना तुम्हालाही पाठ झालं असेल.

मग रिडेव्हलपमेंट आलं. मीटिंगमध्ये आम्ही कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाड्यावरून घसा कोरडा करत होतो. अण्णांनी बिल्डरला एकच विचारलं, "पूर्वेची खिडकी देणार का?" सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

इमारत रिकामी व्हायच्या आधी त्या माणसाने काय करावं? ज्या झाडाला कुणाला हात लावू दिला नाही, त्याच्या फांद्यांच्या साली स्वतः सोलून गुट्या बांधल्या. ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, फरशीभर पांढरा चीक. मुळं धरल्यावर प्रत्येक बिऱ्हाडाला एक रोप. मला त्यातलं सगळ्यात मरतुकडं मिळालं, आणि वर ते तपासायला अण्णा दोन बस बदलून येतात. आले नाहीत तर मीच फोन करतो, हे कुठे बोलू नका.

परवा त्यांच्या भाड्याच्या घरी गेलो. बेंजामिनाच्या काटक्या झाल्या होत्या. अण्णांनी अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली आणि आतला हिरवा थर दाखवला. "जिवंत आहे. नव्या उजेडाची सवय झाली की फुटेल."

अण्णा अंगाने निम्मे झाले होते. काकू चहा ठेवत म्हणाल्या, "आता यांनाही जरा खरवडून बघा."