पाच पौंडांचा मोतद्दार

रोज काहीतरी लिहीत जावं, असं समर्थ रामदासांनी सांगून ठेवलंय. हे वचन लेखक होऊ बघणाऱ्याला कुणी ना कुणी ऐकवतंच. मी वचनावर न थांबता दासबोधच उघडला. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि तो वाचून माझा जीव भांड्यात पडला. समर्थ तिथे चक्क सामानाबद्दल बोलतात! देशोदेशीचे बरू आणावेत, तेही पारखून, सुरी-कात्री जवळ असावी, शाया वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाचं राहत नाही. लेखनाची सुरुवात खरेदीपासून होते याला थेट सतराव्या शतकाचा आधार मिळाल्यावर मी डोंबिवलीत स्टेशनरीचं एकही दुकान सोडलं नाही.

जाड कागदाची वही आली, शाईपेन आलं, मान वळवता येणारा टेबललॅम्प आला. ह्यांनी बिल पाहिलं आणि लोकमान्यांना मध्ये आणलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं ते साध्या शिसपेन्सिलीनं, कारण शाई वापरायची परवानगीच नव्हती. आणि तुला मान वळवणारा लॅम्प लागतो! मुद्दा बिनतोड होता. मी एवढंच म्हटलं, की मंडालेत लोकमान्यांच्या स्वयंपाकाला सरकारनं एक कैदी नेमून दिला होता. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर लॅम्पचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

लेकानं फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. रोज लिहिलं की त्यात हिरवी खूण उमटते आणि नाही लिहिलं की ते ठरलेल्या वेळेला लाडीगोडीनं कळवतं, ‘तुमचे शब्द तुमची वाट पाहत आहेत.’ त्या वेळेला गॅसवर दूधही वाट पाहत असतं, आणि ते फार वेळ पाहत नाही. शेवटी लेकालाच माझी दया आली आणि त्यानं ते अ‍ॅप काढून टाकलं.

लेखनाचे झाडून सगळे मार्गदर्शक पहाटे पाचला उठायला सांगतात. माझी पाचला उठायला काही हरकत नाही. लग्न झाल्यापासून मी दुसऱ्या कुठल्या वेळेला उठलेलीच नाही. पण पाचला आमच्याकडे प्रतिभेच्या आधी पाणी येतं. ते भरून होतंय तोवर दोन डबे, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, सासूबाईंचा साखरेचा, आणि दोन्हींची अदलाबदल झाली तर होणारा पहाटेचा परिसंवाद. मग धावतपळत लोकल. लेडीज डब्यात भाजी निवडता येते, वाढदिवस करता येतो, साड्यांची खरेदी करता येते. वही मात्र उघडता येत नाही. उघडलीच तर शेजारच्या दोघी मन लावून वाचू लागतात आणि चौथ्या सीटवरची अर्धवट टेकलेली बाई माझ्या नायकाकडे आपल्या भाचीसाठी स्थळ म्हणून बघते. ‘पगार किती दाखवलाय?’

पाचच्या या पंथाचा महापुरुष म्हणजे अँथनी ट्रॉलप. हा इंग्रज कादंबरीकार कितीतरी वर्षं पोस्टात नोकरी करत होता. सकाळी साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द काढायचा. (पंधरा मिनिटांत माझ्या बारा पोळ्या होतात. त्यांची दखल कुठल्याच वाङ्मयेतिहासानं घेतलेली नाही.) अशा रीतीनं त्याच्या 47 कादंबऱ्या झाल्या. लेखनशिबिरांत सांगतात ते एवढंच. पण 1883 साली, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं, त्यात पुढची गोष्ट आहे. त्याला पहाटे उठवायचं काम त्याच्या म्हाताऱ्या मोतद्दाराचं, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराचं, होतं. त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो आधी स्वतः उठायचा, कॉफी करायचा, मग साहेबांना हलवायचा, आणि कॉफीला त्यानं एकदाही उशीर केला नाही. आपल्या यशात इतर कुणाहीपेक्षा याचाच वाटा मोठा असावा, असं ट्रॉलपनं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. म्हणजे सवय कुणाला होती? मोतद्दाराला. ट्रॉलपला फक्त कादंबऱ्या लिहायच्या होत्या!

तेव्हापासून मी कुठल्याही लेखकाचं चरित्र वाचलं की आधी त्याच्या आसपासची माणसं शोधते. नेवाशात ज्ञानेश्वरांपुढे सच्चिदानंदबाबा लिहून घ्यायला बसलेले होते. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, पण घरात सोपानदेवांसारखा मुलगा होता, म्हणून 1952 साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आणि पहाटे उठून रोज रचना करण्याची सवय म्हणाल, तर ती महाराष्ट्रातल्या बायकांना शतकानुशतकं होतीच. वही नाही, लॅम्प नाही, जात्याचा खुंटा धरला की ओवी. जात्याला पुष्कळदा दोघी असत. एकीची ओवी ऐकायला दुसरी समोरच बसलेली. जातं गेलं आणि मिक्सर आला. मिक्सरवर आजवर कुणाला काही सुचल्याचं ऐकिवात नाही. तो चालू असताना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही, तिथे अंतरीची हाक कुठून ऐकू येणार?

हरिभाऊ आपट्यांनी तर स्वतःची सोय स्वतःच केली. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः छापायला घेतली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय झालं हे विचारणारं अख्खं वाचकमंडळ एकदा दारात उभं राहिलं, की आज मूड नाही असं कुणाला सांगणार?

माझ्या दारात उभ्या राहिल्या त्या मावशी. भांडी-फरशीला येतात, मूळच्या साताऱ्याकडच्या. एका रविवारी मी माझ्या कथेचा मजकूर मोठ्यानं वाचून बघत होते. कथेतली सुमित्रा घरातून भांडून बाहेर पडते आणि संध्याकाळी कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर येऊन उभी राहते. ती तिथे गेल्या दिवाळीपासून उभी होती. मावशींनी नळ बंद केला.

‘मंग?’

‘मग काही नाही. एवढंच लिहिलंय.’

‘गेली कुठं ती?’

‘ठरायचंय अजून.’

‘अन् तवर बाईमाणूस एकलं स्टँडावर? अवो ताई, रात झाली की!’

दुसऱ्या दिवशी चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘बसली का गाडीत?’ तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याजवळच वही घेऊन बसू लागले. कुठलीही प्रेरणा नाही. सकाळी मावशींना तोंड दाखवायचंय, बस्स. सुमित्राला मी गाडीत बसवलं, आतेबहिणीकडे पोचवलं. मावशींच्या सूचना येतच राहिल्या. तुमच्या गोष्टीत कुणी जेवत कसं नाही? एवढी शिकलेली बाई, तिनं बँकेत स्वतःचं खातं कसं नाही काढलं? नवरा फोन करील तेव्हा पहिल्या घंटीला उचलू देऊ नका. मी सूर्यास्ताचं वर्णन वाचू लागले की त्या नळ पुन्हा सोडतात. पाण्याचा आवाज आला की परिच्छेद खोडायचा. याहून स्पष्ट समीक्षा मला अजून कुणी केलेली नाही, आणि ती मी मुकाट्यानं मानते.

गेल्या महिन्यात मी त्यांचा पगार वाढवला. ह्यांनी कारण विचारलं. मी ट्रॉलपचं नाव सांगितलं. तो कुणी सोसायटीतला नवीन बिऱ्हाडकरू असावा असं समजून ह्यांनी मान डोलावली.

मावशी पुढच्या आठवड्यात जत्रेला गावी निघाल्या आहेत. सुमित्रा सध्या आतेबहिणीकडे आहे, पोटभर जेवलेली आहे, बँकेचा फॉर्मही तिनं आणून ठेवलाय. मावशी परत येईपर्यंत ती तिथेच राहील. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कृपया त्याआधी कथा मागू नये.