आधी फवारा, मग महोत्सव

ऑगस्ट आला की कृषी विभागाला रानभाजी आठवते. ठिकठिकाणी मांडव पडतो. मागे फ्लेक्स, पुढे टेबल, त्यावर ताटांतून तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा, पाथरी. प्रत्येक ताटापुढे चिठ्ठी: हिच्यात लोह, तिच्यात कॅल्शियम. साहेब घासभर चव घेतात, फोटो निघतो, महोत्सव पार पडतो.

यातल्या बहुतेक भाज्या त्याआधी महिनाभर, जुलैत, तण म्हणून मारून झालेल्या असतात. अंबाजोगाईच्या चारी अंगांना सोयाबीन. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत तणनाशकाचा फवारा ठरलेला. कृषी सेवा केंद्रातली बाटली 'रुंद पानांची तणे' असे म्हणते. रुंद पानांची म्हणजे कोण, तर ही ताटातली मंडळी. रान झाले की बांध, आणि बांधाला ग्लायफोसेट. ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच वापरावे, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली. असा व्यावसायिक आपल्या शिवारात कुणाला दिसला असेल, तर त्याचा सत्कार महोत्सवातच उरकून घ्यावा.

शेतकऱ्याला एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. खुरपणीचा हिशेब त्याला परवडत नाही, हे खरे आहे. पण त्या हिशेबात एक रकाना कायम कोरा राहिला. खुरपायला आलेली बाई संध्याकाळी रोजगाराबरोबर ओटा भरून भाजीही नेत असे. त्या भाजीला खत नव्हते, फवारा नव्हता, दलाल नव्हता आणि प्रमाणपत्रही नव्हते. गल्लीतल्या चार चुली त्यावर चालत. बाटली आली आणि बाईचा रोजगार व कोरड्यास एकदमच गेले. आता तीच बाई किराणा दुकानातून डाळ आणते, आणि तिच्या आहारात लोह कमी म्हणून दवाखान्यात गोळ्या मिळतात.

इकडे नैसर्गिक शेतीला मात्र दिल्लीहून वारे आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय अभियानाला मंजुरी मिळाली: 2481 कोटी रुपये, साडेसात लाख हेक्टर, एक कोटी शेतकरी. उत्तम. जीवामृताचे ड्रम येतील, गट होतील, प्रशिक्षणात चहा-पोहे होतील. फक्त एवढेच विचारायचे, की त्या हेक्टरांत पिकलेली भाजी खायला अंबाजोगाईच्या मोंढ्यात येणार, की आकर्षक पुडीत पुण्याला जाणार?

आपल्याकडे न मागता पिकणारे एक फळ आहे, त्याची कथा ऐका. बालाघाटाच्या डोंगरावर, धारूरच्या बाजूला, सीताफळ आपले आपण येते. मुरमात, पाण्यावाचून. शेळी त्याच्या कडू पानाला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणही लागत नाही. (मूळ अमेरिकेचे आहे, पण स्वदेशीवाल्यांना सांगू नका.) बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र तर अंबाजोगाईतच आहे, 'धारूर-6' हा वाणही नावारूपाला आला. मान मिळाला, वाण मिळाला. भाव तेवढा राहिला.

कारण हे फळ थांबत नाही. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पिकते, शीतगृहात ठेवावे तर साल काळी पडते. डोंगरातली बाई टोपले घेऊन सकाळी शहरात आली, की संध्याकाळी परत नेण्यात अर्थ नाही, हे गिऱ्हाईकालाही ठाऊक. नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीला आलेले कुलदैवतवाले देवीपुढे हात सैल सोडतात आणि बाहेर येऊन टोपल्यामागे वीस रुपये पाडतात. हंगाम संपता संपता मुकादमाची उचल घेतलेले कोयते ऊसतोडीला निघतात. ज्या डोंगरात फुकट साखर पिकते, तिथली माणसे दुसऱ्याच्या साखरेसाठी कारखान्यावर जातात!

शेजारच्या धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतल्या बायकांनी पिकलेले आधी घरच्या ताटात यावे म्हणून साधा मार्ग काढला. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने त्यांनी घरच्या शेतातला एकेक एकर मागून घेतला आणि त्यात भाज्या, डाळी, धान्य एकत्र पेरले. आधी घर खाणार, उरले तर विकणार. 2017 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पारितोषिक जागतिक, पण बाईला तो एकर घरातल्या पुरुषाकडून मागूनच घ्यावा लागला, हेही नोंदवून ठेवा.

नगरपालिकेने बाजारात या टोपलीवाल्यांना सावलीची, बिनपावतीची जागा द्यावी. कृषी विभागाने पुढच्या वर्षी मांडवाचा खर्च वाचवून न फवारलेल्या बांधाला बक्षीस द्यावे. आणि वाचकहो, यंदा सीताफळ घेताना टोपलीवालीने सांगितला तो भाव द्या.